मुलाखतीस जातांना काय नेसावें?

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त गांवच्या शाळेंत जमलेल्या भगिनींपुढें केलेलें भाषण)



आजच्या दिवशीं सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घालून मोठमोठीं भाषणें करण्याची रीत पडली आहे. आम्ही आज एका लहान गोष्टीविषयीं बोलणार आहों. आमच्या मुली व सुना नोकरीच्या मुलाखतीस जातात तेव्हां त्यांनीं अंगावर काय घालावें, त्यास खर्च किती करावा व तो कोठून करावा, एवढाच आमचा विषय आहे. कोणी म्हणेल, बाईंना दुसरा विषय सुचला नाहीं काय? त्यांस आमचें उत्तर असें कीं, या विषयाचा आरंभ खुद्द सावित्रीबाईंपासूनच आहे. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा निघाली व त्या शिकवावयास जाऊं लागल्या, तेव्हां वाटेंत लोक त्यांच्या अंगावर चिखल व शेण टाकीत. म्हणून त्या एक जादा लुगडें बरोबर ठेवीत व शाळेंत गेल्यावर तें नेसून वर्गावर उभ्या राहात, असें त्यांच्या आठवणींत सांगितलेलें आहे. तें दुसरें लुगडें मिरविण्यासाठीं नव्हतें. मुलींपुढें स्वच्छ उभें राहतां यावें व हातांतलें काम अडूं नये, यासाठीं होतें. आम्हांस जें सांगावयाचें आहे, तें बहुतेक सारें त्या एका लुगड्यांत आहे.

आतां आपल्या गांवाकडे पाहा. मुली बारावी होतात, पदवी घेतात, कोणी परिचारिकेचा अभ्यासक्रम करते, कोणी संगणकाचें प्रमाणपत्र मिळविते. मग एके दिवशीं फोनवर निरोप येतो कीं, अमुक तारखेस मुलाखतीस या. घरांत पहिला प्रश्न कोणता निघतो? तेथें काय विचारतील, हा नव्हे. "काय घालून जाऊं?" हा पहिला प्रश्न. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. जिच्या पेटींत दहा कपडे आहेत तिला हा प्रश्न पडत नाहीं. जिच्या पेटींत दोन आहेत व त्यांतला एक विटलेला आहे, तिलाच तो पडतो. आणि या प्रश्नाचीं दोन वाईट उत्तरें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.

आमच्या हाताखालीं शिकलेल्या एका मुलीस तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यानें बोलाविलें. आईनें गटांतून पांच हजार रुपये उचलले व मुलीस जरीकांठाची चकचकीत साडी, उंच टांचेची चप्पल व खोट्या मोत्यांचा सर घेतला. मुलाखत दहा मिनिटांची झाली. डॉक्टरांनीं विचारलें, सलाईन चढवितांना शीर सांपडली नाहीं तर काय कराल? साडीविषयीं कोणी अवाक्षर काढलें नाहीं. ती जागा दुसरीस मिळाली. कर्ज मात्र हिच्या आईस मिळालें. गटाचा व्याजाचा दर महिना शेंकडा दोन धरा. पांच हजारांवर महिना शंभर रुपये नुसतें व्याज झालें, वर्षाचे बाराशें. तेंच सावकाराकडून शेंकडा पांचानें घेतलें असतें तर महिना अडीचशें. साडी त्यानंतर एका लग्नांत नेसली गेली व पेटींत पडली. ऋण काढून सण करूं नये असें आपण म्हणतों. पण हें तर सण नसतांना काढलेलें ऋण.

दुसरी मुलगी याहून हुशार. तिला एका पतपेढींत कारकुनाच्या जागेसाठीं बोलावणें आलें. तिच्याजवळ महाविद्यालयाचा जुना गणवेश व कोपरावर विरलेला एक पंजाबी ड्रेस, एवढेंच होतें. ती गेलीच नाहीं. विचारलें तेव्हां ताप आला होता म्हणाली. भगिनींनो, तो ताप अंगांत नव्हता, पेटींत होता! पंधरा वर्षे शिकलेली मुलगी सहाशें रुपयांच्या कपड्यापायीं घरीं बसली. पहिलीनें पैसे घालविले, तेवढ्यानें कोणी मरत नाहीं. दुसरीनें संधि घालविली व ती कोणास कळलीहि नाहीं. अशा किती मुली "ताप आला" म्हणून घरीं राहिल्या असतील, याची मोजदाद कोणत्याहि कचेरींत होत नाहीं.

ही लाज आली कोठून, तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. आपल्या देशांत कपडा हा केवळ थंडीवाऱ्यासाठीं कधींच नव्हता. कोणत्या जातीच्या बाईनें काय नेसावें, किती नेसावें, अंगावर कोणता धातु घालावा, याचे कायदे वरिष्ठांनीं करून ठेविले होते. त्रावणकोर संस्थानांत नाडर जातीच्या बायकांस छाती झांकण्याचीहि मुभा नव्हती. त्यांनीं अनेक वर्षे मार खाऊन झगडा केला, तेव्हां १८५९ सालीं दरबारास जाहीरनामा काढून परवानगी द्यावी लागली. आणि ती देतांनाहि, उंच जातीच्या बायकांसारखें मात्र नेसूं नका, ही मेख मारून ठेविलीच. आपल्याकडे डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या परिषदेच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बायकांपुढें निराळें भाषण केलें. लुगडें गुडघ्याबरोबर नेसणें व अंगावर कथलाचांदीचे ढीगभर दागिने घालणें ही आपल्यावर लादलेली खूण आहे, ती टाकून द्या, असें त्यांनीं सांगितलें. कपड्यास ठिगळें असलीं तरी हरकत नाहीं, पण तो स्वच्छ असूं द्या, हाहि त्यांचा उपदेश होता. तेथें जमलेल्या बायकांनीं लागलीच नेसण्याची तऱ्हा बदलली व त्या घोट्यापर्यंत लुगडें नेसून दिसूं लागल्या. लढाई एका दिवसांत निऱ्यांवर आली!

हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, कपड्यावरून माणसाची किंमत करण्याची खोड या देशांत फार जुनी आहे व ती अजून गेलेली नाहीं. पूर्वीं ती जात पाहात असे. आतां ती साडीचा पोत व चपलेचा छाप पाहते. या खोडीस दोन प्रकारें उत्तर देतां येतें. एक, कर्ज काढून वरच्यांचें सोंग घ्यावयाचें. दुसरें, स्वच्छ, बेताचा व आपल्या ऐपतीचा कपडा घालून ताठ मानेनें आंत जावयाचें. पहिल्या उत्तरांत त्यांचाच कायदा आपण मान्य करतों. आमचा कौल दुसऱ्यास आहे. कपड्याचें काम एवढेंच कीं, त्यानें तुमच्या व कामाच्या मध्यें येऊं नये. तो इतका वाईट नको कीं समोरच्याचें लक्ष त्याकडे जावें, व इतका भारीहि नको कीं तुमचें स्वतःचें लक्ष त्याकडे जावें.

आतां व्यवहाराकडे वळूं. पहिली गोष्ट, मुलाखत आहे कीं नाहीं याची चौकशी करा. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनें गट क व गट ब अराजपत्रित जागांच्या भरतींतून मुलाखत काढून टाकली. त्या ठिकाणीं लेखी परीक्षेचे गुण व ठरलेल्या इतर चांचण्या, एवढाच निवाडा. अशा जागेसाठीं कपडे घेऊं नका. ते पैसे पुस्तकांस द्या. जेथें मुलाखत मोठी समजतात तेथला हिशेबहि पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवेच्या परीक्षेंत लेखी १७५० गुण व मुलाखत २७५, एकूण २०२५. आणि त्या २७५ मध्यें साडीसाठीं राखून ठेवलेला एकहि गुण नाहीं.

परंतु खासगी शाळा, दवाखाने, पतपेढ्या, दुकानें, औद्योगिक वसाहतींतील कारखाने व कंत्राटी जागा येथें मुलाखत असतेच. तेथें जाण्यापूर्वीं त्या ठिकाणीं काम करणाऱ्या बायका रोज काय घालून येतात तें पाहावें. कोणी ओळखीची असेल तर विचारावें. नसेल तर सुटीच्या वेळीं फाटकाजवळ पांच मिनिटें उभें राहावें. त्या जें रोज घालतात त्याहून एक बोट नीटनेटकें आपण घालावें, दोन बोटें नको. शाळेंत बहुधा साडीची अपेक्षा असते, आणि पाठ घ्यावयास लावतात. तेव्हां फळ्यावर हात उंच करून लिहितां येईल असें पोलकें पाहिजे. गडद रंगावर खडूची भुकटी उठून दिसते, तेव्हां शाळेसाठीं फिका किंवा बारीक छापाचा रंग बरा. दवाखान्यांत नखें कापलेलीं, केस बांधलेले, हातांत बांगड्यांचा खळखळाट नाहीं, व पाय झांकणारें पायताण, इतकें पुरें. कारखान्यांत यंत्राजवळ ओढणी व मोकळा पदर हा जिवास धोका आहे. तेथें ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनीं बसवून जावी, म्हणजे ही बाई कामाचें जाणते असें न बोलतां कळतें. दुकानांत व हॉटेलांत पुढें गणवेश तेच देतात. तेथें साधेंच जावें.

साडी नेसावी कीं पंजाबी ड्रेस घालावा, यावर घरोघरीं वाद होतो. सासूस साडी हवी असते, सुनेस ड्रेस. आम्ही म्हणतों, जें घालून तुम्ही विचार न करतां बसूं, चालूं व एस. टी. त चढूं शकतां, तें घाला. वर्षांतून दोनदां साडी नेसणाऱ्या मुलीनें मुलाखतीच्या दिवशीं ती नेसूं नये. तिचें अर्धें चित्त निऱ्यांत राहील. उलट जन्मभर साडींत वावरलेल्या बाईनें कोणी सांगितलें म्हणून ड्रेस घालून अवघडूं नये. तसेंच डोक्यावर पदर किंवा रुमाल घेण्याची जिची रीत आहे तिनें तो घ्यावा. आवाज स्पष्ट ऐकूं आला व चेहऱ्यावर धीर दिसला म्हणजे झालें.

कापडाविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण फसवणूक येथेंच होते. शुद्ध सुती कापड अंगास सुखाचें, घाम शोषतें. पण खळ व इस्त्री मागतें, आणि दोन तास एस. टी. त बसल्यावर त्याच्या चुण्या पडतात. निव्वळ कृत्रिम धाग्याचें कापड स्वस्त, चुरगळत नाहीं, रात्रीं धुतलें तर सकाळीं वाळतें; पण चैत्रवैशाखांत अंगास चिकटतें व घामाचा वास धरतें. दोहोंच्या मिश्रणाचें, ज्याला दुकानदार टेरिकॉट किंवा मिक्स कॉटन म्हणतात, तें या कामास सर्वांत सोयीचें. रेशमाचें नांवच काढूं नका. त्यावर पाण्याचा डाग पडतो, तें घरीं नीट धुतां येत नाहीं, व धुलाईचा खर्च पुन्हां आपल्यावर येतो.

दुकानांत उभ्या उभ्या तीन परीक्षा करा. कापडाचा कोपरा मुठींत घट्ट धरून दहा आंकडे मोजा व सोडा. ज्यावर चुण्या राहिल्या तें प्रवासांतहि असेंच दिसेल. मग तें उजेडासमोर धरा. पलीकडचा हात दिसला तर अस्तर लागेल, व अस्तराचे पैसे निराळे. मग ओला पांढरा रुमाल त्यावर घांसा. रुमालास रंग लागला तर तो घामानेंहि लागेल. दुकानदार सुती म्हणून कांहीं गळ्यांत बांधूं लागला, तर कडेचा एक धागा घरीं जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. शाळेंत विज्ञानाच्या तासास हें आम्ही मुलांस दाखवितों. त्याचा उपयोग बाजारांतहि आहे. सुती कापड शिवण्यापूर्वीं एक रात्र पाण्यांत भिजवून वाळवा, नाहीं तर पहिल्या धुण्यांत तें आखडेल.

साडीपेक्षां पोलक्याकडे जास्त लक्ष द्या. चारशें रुपयांची साडी व अंगास बरोबर बसलेलें पोलकें हें चार हजारांची साडी व ढगळ पोलक्यापेक्षां शतपट चांगलें दिसतें. शिवतांना शिंप्यास सांगून आंतून दोन बोटें मार्जिन ठेवावयास लावा. पुढें उसवून मोठें करतां येतें व बहिणीस किंवा जावेसहि तें चालतें. फॉल व पिको केल्याशिवाय नवी साडी नेसूं नका. रंग शांत असावा. बारीक नक्षीवर चुणी व डाग लपतात, सपाट फिक्या राखाडी रंगावर घामाचा ओलावा लगेच दिसतो.

इस्त्री नाहीं, वीज गेली, म्हणून अडूं नका. आमच्या अध्यापक विद्यालयांत पाठ घेतांना एकाच रंगाची साडी सर्वांस सक्तीची होती, व बहुतेकींजवळ ती एकच असे. ती रात्रीं धुवून, झटकून, कांठ ताणून दोरीवर घालावयाची, किंचित् ओलसर असतांनाच सरळ घडी करून गादीखालीं ठेवावयाची, म्हणजे सकाळीं घडी बसलेली मिळे. तांब्याच्या तांब्यांत निखारे किंवा कढत पाणी घालून तो कापडावरून फिरवावयाची आपल्या आजीची रीत अजूनहि चालते. गडद कापडास इस्त्री उलट्या बाजूनें करावी, म्हणजे चकाकी येत नाहीं.

पायांतल्या वहाणेविषयीं दोन शब्द. नवी चप्पल मुलाखतीच्या दिवशीं प्रथम घालूं नका. ती चावते, आणि लंगडत आंत जाणाऱ्या माणसाचा धीर दारांतच अर्धा होतो. जुनी असेल तर चर्मकार बंधूकडून अंगठा व टांच शिवून घ्या, पॉलिश करा. पावसाळ्यांत रबरी चप्पल घालून जा, चांगली पिशवींत ठेवा, फाटकाशीं पाय पुसून बदला. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत बायकांस तिकीट अर्धें झालें. त्या वांचलेल्या पैशांत एक गाडी आधींची धरतां येते. आधीं पोंचलेली बाई घाम पुसते, पाणी पिते, निऱ्या सारख्या करते. उशीरा पोंचलेलीची पैठणीहि चुरगळलेलीच दिसते.

आदल्या संध्याकाळीं सगळा वेश एकदां अंगावर चढवून पाहा. खुर्चीवर बसा, उठा, वांकून खालची पिशवी उचला, दोन पायऱ्या चढा, हात वर करा. जें कांहीं सुटतें, वर जातें, टोंचतें, तें आजच कळूं द्या. पर्समध्यें चार सेफ्टी पिना, सुईदोरा, रुमाल व कंगवा असावा. प्रमाणपत्रें प्लॅस्टिकच्या पिशवींत चुरगळलेलीं नकोत. वीस-तीस रुपयांची फाईल घ्या. अंगावरच्या कपड्याहून ती फाईल जास्त बोलते. हल्लीं मोबाईलवरूनहि मुलाखत होते. तेव्हां पाठीमागें साधी भिंत व तोंडासमोर खिडकीचा उजेड असला म्हणजे काम भागतें.

आतां हिशेब मांडूं. घरांत चांगला कपडा असेल तर नव्याचा खर्च शून्य. नसेल तर आमची मर्यादा अशी आहे: साडी किंवा कुर्ता-सलवार सहाशें, पोलक्याचें कापड, शिलाई, अस्तर, फॉल-पिको मिळून साडेतीनशें, पायांत तीनशें, इस्त्री, फाईल, झेरॉक्स व फोटो शंभर, प्रवास व खाणें दीडशें. एकूण पंधराशें. यांत पावडर, सर, नवी पर्स कांहीं नाहीं, व त्यांची गरजहि नाहीं. हे पंधराशें पदरचे असावेत. म्हणून मुलगी शेवटच्या वर्षास गेली म्हणजे महिना सव्वाशें रुपये बाजूस टाकावयास लागा. वर्षांत ते बरोबर पंधराशें होतात, व बोलावणें येईल तेव्हां कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं.

दागिन्यांविषयीं मात्र आम्हांस मन मोकळें करून बोलावयाचें आहे. शेजारणीचें सोनें मागून नेऊं नका. तें हरवलें तर नोकरीचा पहिला वर्षभराचा पगार त्यांत जाईल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं वसतिगृहांतील मुलांच्या मुखीं घास पडावा म्हणून आपलें मंगळसूत्र देखील मोडलें. त्या माउलीची किंमत त्यामुळें तसूभरहि उणी झाली नाहीं. मंगळसूत्र, कुंकू, बांगड्या घालाव्यात कीं न घालाव्यात, हा ज्या त्या बाईचा प्रश्न आहे. पण एक गोष्ट आमच्या मनास फार लागते. आमच्या कितीएक विधवा भगिनी मुलाखतीस जावयास कचरतात. कपाळ मोकळें दिसेल, मग "नवरा काय करतो?" म्हणून विचारतील, मग कींव करतील किंवा भलत्याच नजरेनें पाहतील, हें भय. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतल्या हेरवाड गांवानें ठराव केला कीं, नवरा वारल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें हे प्रकार आमच्या गांवांत बंद. त्याच महिन्यांत सरकारनेंहि इतर गांवांनीं हा कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. मग आमची विधवा भगिनी मुलाखतीस जातांना टिकली लावील, रंगीत साडी नेसेल, हातांत दोन बांगड्या घालील, तर तिला अडविणारा कोण? आणि तिला तें नको असेल तर "लाव ग" म्हणून आग्रह करणाराहि कोण? नोकरी तिच्या बुद्धीस व हातांस मिळावयाची आहे, कपाळास नव्हे.

आतां आमची एक सूचना आहे व ती तुम्हीं आज येथेंच मनावर घ्यावी अशी विनंति आहे. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं नॅन्सी लुब्लिन नांवाच्या बाईनें वारशानें आलेल्या पांच हजार डॉलरांतून १९९७ सालीं "ड्रेस फॉर सक्सेस" नांवाची संस्था काढली. गरीब बायकांस मुलाखतीपुरता चांगला पोशाख द्यावयाचा, हें तिचें काम. पुढें तें अनेक देशांत पसरलें. आपल्यास वारसा नाहीं, पण गट आहे. वीस बायकांचा एक गट. प्रत्येकीनें एकदांच शंभर रुपये काढले तर दोन हजार होतात. त्यांत मिश्र सुती दोन साड्या, मोठ्या मार्जिनचीं दोन पोलकीं व एक कुर्ता-सलवार इतकें काटकसरीनें बसतें. ज्यांच्या घरीं चांगले पण अंगास न होणारे कपडे पडले आहेत, त्यांनीं ते धुवून द्यावेत. आपल्या गांवच्या शिवणकाम शिकलेल्या भगिनींनीं ते मापास आणावेत. ही पेटी शाळेंत किंवा अंगणवाडींत राहावी. एका वहींत नांव, नेल्याची तारीख व परत केल्याची तारीख लिहावी. जिनें नेलें तिनें धुवून, इस्त्री करून परत करावें, हा एकच नियम.

यांत कोणी कोणास दान देत नाहीं, हें नीट ध्यानांत ठेवा. दान घेणाऱ्याची मान खालीं जाते. ही भागीची वस्तु आहे. पाटलाच्या मुलीनें, मांगाच्या मुलीनें व मुलाण्याच्या मुलीनें एकाच पेटींतली साडी नेसून जावें. ज्या देशांत एकीचा पदर दुसरीस लागला तर विटाळ मानीत, तेथें ही पेटी म्हणजे लहान गोष्ट नव्हे. आणि आमची ती ताप आलेली मुलगी? अशी पेटी असती तर तिचा ताप त्याच दिवशीं उतरला असता.

शेवटीं चार शब्द टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांस. संस्थांचे चालक, पतपेढ्यांचे संचालक, दवाखान्यांचे मालक आतां पुष्कळ ठिकाणीं आपल्याच समाजांतले आहेत. त्यांच्या आयांनीं ठिगळाचीं लुगडीं नेसून, खुरपण करून त्यांस शिकविलें. त्याच लेकरांनीं खुर्चीवर बसल्यावर समोरच्या मुलीच्या चपलेकडे पाहून ओंठ मुडपावा, यासारखी कृतघ्नता दुसरी नाहीं. घटनेच्या सोळाव्या कलमानें सरकारी नोकरींत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवासस्थान यांवरून भेद करण्यास मनाई केली आहे. हीं बहुतेक कारणें कपड्यांतून डोकावतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां कपड्याकडे पाहून मनांत कौल देणारा मनुष्य मागच्या दारानें तोच भेद आंत घेतो. त्यांस आमचें सांगणें एवढेंच: मुलीस काय येतें तें विचारा, ती काय नेसली आहे तें तिच्या आईवर सोडा. आणि बोलावणें पाठवितांना, कपडे साधे चालतील, असे तीन शब्द लिहा. त्या तीन शब्दांनीं एखाद्या घरचे पांच हजारांचें कर्ज टळेल.

भगिनींनो, वेळ फार झाला. पुढच्या सोमवारीं गटाची बैठक आहे. त्या बैठकींत पेटीचा विषय पहिला घ्यावा अशी आम्ही अध्यक्षबाईंस विनंति करतों. आमच्या घरच्या दोन साड्या व शंभर रुपये आम्ही आजच त्यांच्या स्वाधीन करीत आहों. बाकीच्या अठरा-एकोणीस जणींनीं घरीं जाऊन पेट्या उघडाव्यात. मार्चांत परीक्षा आहेत. त्यानंतर बोलावणीं येऊं लागतील. तोंपर्यंत पेटी भरलेली असली पाहिजे.